वरच्या शेतात

(नाशिक. कोर्टाचा व्हरांडा. चंद्रभागाला जेलमधून तारखेला आणलंय. शेजारी हरसूलहून आलेली तिची सासू नवसाबाई. समोर वकील सायली.)

सायली : मावशी, पुन्हा विचारते. भुई सारवायला हिला कोणी सांगितलं?

नवसाबाई : मीच की! पोरगा माळ्यावरनं उखळावर पडला, जागीच गेला. पडवीत नेऊन निजवला. घरात ही रगत! मानूस गेला म्हंजी जागा सारवायची, दिवा ठेवायचा, भवती पीठ पसरायचं. आमच्यात करत्यातच.

सायली : आणि सरकारी वकील म्हणतात, बायकोनं नवऱ्याचं डोकं फोडलं आणि पुरावा सारवून टाकला. आदल्या दिवशीचं भांडण तर गावानं ऐकलंय.

चंद्रभागा : भांडान कुनाच्या घरात नाय, वकीलबाई?

सायली : मला पटतं गं. जजसाहेबांना पटायला हवं ना! मावशी, साक्षीत एवढंच बोला. मी घरात होते, तो पडताना पाहिला, सारवायला मी सांगितलं.

नवसाबाई : पन पोलिसाला मी सांगून बसले, शेतात व्हते म्हून.

सायली : अहो, का?

नवसाबाई : हवालदार दरडावला, घरात जो जो व्हता त्यो आत जानार. माझी बोबडीच वळली.

सायली : मग आज खरं सांगा.

नवसाबाई : मला नाय ना धरनार?

सायली : खोटं कशाला सांगू? आधी वेगळं का बोललात, विचारतील. तुम्हालाही गोवायला बघतील. पण तुम्ही गप्प राहिलात तर हिला जन्मठेप होईल. काही न करता!

नवसाबाई : मला ठावं नाय व्हय? माझाच लेक गेला, आन् सून ही अशी जेलात! पन हिची लेकरं, रुद्र, सृष्टी? दोघी आत गेलो तर त्यांना भाकर कोन घालंल? माझ्या थोरल्या लेकानं तर पयल्याच दिवशी दार लावून घेतलं.

सायली : चंद्रभागा, तू तरी सांग यांना.

चंद्रभागा : आत्याबाई बरोबर म्हनतात. एक बाहेर पायजे.

सायली : डोकं फिरलंय का तुझं? आयुष्य जाईल आत!

चंद्रभागा : जाईल.

नवसाबाई : शिव्या दे मला, चंद्रे. थुक माझ्या तोंडावर.

चंद्रभागा : रडू नका. सृष्टीची येनी कोन घालतं?

नवसाबाई : मीच. लय ओढते म्हनून वरडती माझ्यावर.

चंद्रभागा : तेल लावून मग इंचरा.

सायली : पुकारा झाला. मावशी, मी हात जोडते तुम्हाला.

नवसाबाई : चंद्रे... शेतात काय करत व्हतीस, असं इचारलं तर?

चंद्रभागा : नागली निंदत व्हते म्हना. वरच्या शेतात. तिथनं घर दिसत नाय.