तिच्या जागी मी

बमरोलीत घासलेटच्या रांगेत दगा डबा घेऊन उभा होता. पुढे दोन अनोळखी बायका बोलत होत्या.

"तुझी वर्षा दिसत नाही गं?"

"शाळेत गेली."

"मग मिलच्या साड्यांचे धागे कोण कापतं?"

"मीच. आधी तिलाच बसवायचे. मग पोरींना शाळेत घाला म्हणत त्या शोभाबाई आल्या. म्हटलं, पोरगी शाळेत गेली तर काम कोण करेल? तर बाईंनी कात्री उचलली, दारातच बसल्या. म्हणाल्या, तिच्या जागी मी."

"बसल्या असतील एखादा दिवस."

"आठ दिवस. नवव्या दिवशी माझी मलाच लाज वाटली."

"आणि त्यांच्या घरी भाकरी कोण थापत होतं?"

"नवरा समजूतदार असेल."

ते आठही दिवस दगाने ताट आपटलं होतं. त्याने डबा या हातातून त्या हातात घेतला.

वर्षाची आई मागे वळली. "भाऊ, तुमची पोरगी जाते ना शाळेत? नाहीतर शोभाबाई येतील दारात."

"रोज येतात," दगा सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला. "माझ्याच घरी राहतात."