कोटाची तिसरी गुंडी

—नाही, नाही, ते भिंग आधी खाली ठेवा आणि माझं ऐका, कारण आमचे हे कुठल्याही क्षणी जिना चढून वर येतील. खाली दारावर तुमच्या पहारेकऱ्याशी त्यांची जुंपली आहे—धातुशोधक यंत्र आत न्यायचं नाही असं तो म्हणतो, आणि यंत्र सोडून हे हलायचे नाहीत, म्हणजे आपल्या हाती थोडा वेळ आहे. गुंडी माझ्याजवळ दिली आणि म्हणाले, तू हो पुढे. झाले पुढे. तर साहेब, ही गुंडी—बटण म्हणा हवं तर, माझे वडील गुंडी म्हणायचे, मला तोच शब्द बरा वाटतो—ही गुंडी तुम्ही ओळखायची नाही. म्हणजे ओळखा, पण सांगू नका. जुनी आहे, लष्करी आहे, जपून ठेवा—एवढं म्हणा आणि त्यांच्या पाठीवर एक थाप द्या. संग्रहालयातल्या माणसाला मी खोटं बोलायला सांगतेय, कळतंय मला. पण खोटं कुठे आहे त्यात? जुनी आहेच. लष्करीही आहे. ती जमिनीत कशी गेली, तेवढंच गाळायचं. जन्मभर मुद्रणालयात मुद्रितं तपासली मी, काय गाळलं तरी वाक्य उभं राहतं ते मला कळतं. तुमच्या दारावरच्या पाटीत ‘पुरातत्त्व’मधला एक त खाल्लाय, जाता जाता सांगते.

ती मी पुरली.

बघा, चढवल्यात ना भुवया! अहो, मी पुरली, मी. माझ्या वडिलांच्या कोटाची गुंडी. पलटणीत खेचरांचा तांडा होता त्यांच्याकडे, रणांगण त्यांनी लांबूनसुद्धा पाहिलं नाही, पण कोट मात्र सेनापतीच्या थाटात जपला. त्या कोटाची तिसरी गुंडी मी कापली, मीठ घातलेल्या व्हिनेगरच्या चिंधीत बांधली आणि खिडकीत कुंडीमागे ठेवली—हिरवी व्हावी म्हणून. झाली की हिरवी, छान झाली. मग जुन्या छावणीच्या माळावर गेले—मालकाची परवानगी आहे आमच्याजवळ, घाबरू नका—आणि बाभळीच्या अलीकडे, हे रोज जिथून सुरुवात करतात तिथे, खुरप्याने वीतभर खड्डा करून पुरली. वर गवताचं ढेकूळ पालथं घातलं. एखादं पाप करावं तशी इकडेतिकडे बघत होते. एक गाय बघत होती फक्त.

का म्हणजे? तुम्ही त्यांना पाहिलं नाहीत तेव्हाचं. पाणीपुरवठ्यात होते हे, गळती शोधायचे. रस्त्यावर लोखंडी कांब उभी करायची, वरच्या टोकाला कान लावायचा आणि खाली नळ कुठे फुटलाय ते सांगायचं—पहार घालावी तिथे पाणी! लोक त्यांना ‘कानवाले’ म्हणायचे. मग उजवा कान गेला. डावा आहे, पण त्यालाही हाक दोनदा मारावी लागते. निवृत्त झाले आणि खुर्चीत बसले ते बसलेच. मी म्हणायचे, अहो, दूध उतू चाललंय. हे भिंतीकडे बघताहेत. माझी नणंद आली, भावाची दशा बघून रडली, गेली. यांनी विचारलं, कोण आलं होतं? घरात मी बोलायची आणि भांडी ऐकायची. शेवटी माझ्या भाच्याने ते यंत्र आणून दिलं. कानाला लावायचं, जमिनीवरून फिरवायचं, खाली धातू असला की कुईं वाजतं. पहिल्या दिवशी ते वाजलं, साहेब, आणि यांचा चेहरा—असो.

पण सापडायचं काय? खिळे. बाटल्यांची झाकणं. एक चमचा, तोही वाकडा. किती दिवस माणूस खिळ्यांवर काढणार? एका संध्याकाळी यंत्र पुसून खोक्यात घातलं आणि म्हणाले, भाच्याला परत दे. म्हटलं, भाचा आला की देईन, तोवर जात राहा. आणि मी कात्री घेतली.

आणि सापडली हो! लगेच नाही, मला वाटलं होतं दुसऱ्या दिवशी सापडेल, पण नाही. रोज जायचे, रोज गप्प यायचे, मी मनात म्हणते, डोळ्यांनीही गेले की काय. आणि परवा आले—चिखलाच्या बुटांनिशी थेट स्वयंपाकघरात, मी जेवत होते, माझ्या ताटाच्या कडेला गुंडी ठेवली. म्हणाले, ‘ही मला सापडली. मला.’ दोनदा म्हणाले. लहान मुलासारखं. मला हसू आवरेना, पाणी प्यायचं निमित्त करून उठले.

काय म्हणता? जमिनीत पुष्कळ वर्षं होती? छे! तुमचं शास्त्र तुमच्यापाशी, व्हिनेगर माझं आहे. खड्डे पडलेत? मीठ जास्त झालं असेल. मागची दोरा ओवायची कडी नाही? होती की—तुटली असेल उकरताना. हो, उकरताना, ‘उत्खनन’ तुम्ही करता, हे उकरतात. पुढच्या बाजूला शिंग आहे, फुंकायचं? शिंग कसलं, साहेब, चोच आहे ती. वडिलांच्या पलटणीचं चिन्ह पक्षी होतं, पंख पसरलेला पक्षी, मी लहानपणी त्यावर जीभ लावून बघितलेली आहे, मला सांगता? माती बसलीय म्हणून तुम्हाला शिंग दिसतंय.

थांबा. वाद नको. कोटच आहे माझ्याजवळ, दाखवतेच—ही पिशवी जरा—असं काय बघताय पिशवीकडे? कपडे आहेत माझे. धाकट्या बहिणीकडे चाललेय, इथून परस्पर. चार दिवस. हो, औषधंही आहेत, चार दिवस औषधं घ्यायची नाहीत का? आणि तो शब्दकोश सवयीचा आहे. एवढा जाड शब्दकोश कुणी चार दिवसांसाठी—बरं, तुम्ही विचारलं नाहीत. चेहऱ्याने विचारलंत.

तिने खोली रंगवून ठेवलीय माझ्यासाठी. फिकट हिरवी. रिकाम्या घरी एकटीला करमत नाही म्हणते, आणि बोलते ती, साहेब, अखंड बोलते, मी काही म्हणाले की उत्तर देते! तुम्हाला त्याचं काय वाटणार. यांना सांगितलेलं नाही अजून. म्हणजे सांगितलं, पण त्या वेळी उजवीकडे उभी होते. मुद्दाम? कोण जाणे. आता कळलं ना, तुम्ही ‘उत्तम’ का म्हणायला हवं ते? तुम्ही म्हणाल उत्तम, हे उद्या पुन्हा माळावर जातील, परवा जातील, संध्याकाळी पाय धुऊन जेवतील आणि खुर्चीत बसायचे नाहीत. पोळीभाजीचा डबा मी लावून दिलाय. मग मला जाता येईल. खुर्चीतल्या माणसाला टाकून जाता येत नाही हो. माळावरच्या माणसाला टाकून जाता येतं. म्हणजे टाकून नव्हे—चुकीचा शब्द. खोडा तो.

हा घ्या कोट. आवरणासकट उचललाय कपाटातून, सकाळी घाईत कोण उघडून बघतं? बापाची एवढीच वस्तू माझी, म्हणून बरोबर. आता बघा—ही वरची, पक्षी दिसतोय? दिसतोय ना, चोच? ही दुसरी. आणि ही इथे, तिसरीच्या जागी, नुसते दोरे लोंबत असतील, मीच कापली ना—

...

ही इथे कशी?

नाही, मीच कापली. माझ्या कात्रीने कापली. तुम्ही हात लावू नका, जरा सरका, उजेड येऊ द्या. हिरवी आहे. कुंडीमागची हिरवी आहे ही. आणि पक्षी आहे. आणि शिवलीय कशाने बघा, शिवलीय कसली, आवळलीय! हा दोरा शिवणाचा नव्हे. हा ताग आहे, मेण लावलेला ताग, नळाच्या आट्यांवर गुंडाळतात तो, पाणी झिरपू नये म्हणून. वळसे तरी किती घातलेत! कोट फाटेल पण गुंडी निघायची नाही. जन्मात सुई हातात धरली नाही या माणसाने. सदऱ्याची गुंडी तुटली की सदरा माझ्या मांडीवर टाकायचे आणि उघड्या अंगाने उभे राहायचे.

म्हणजे यांना ती सापडली. पहिल्याच दिवशी सापडली असणार, कानवाले ते, सापडायचीच. ओळखली. घरी आणली, मी बाजारात गेले असताना कपाट उघडलं, ही शिवली, कोट होता तसा टांगला आणि मला एका शब्दाने—आणि मी म्हणतेय, बिचाऱ्याला काही सापडत नाही! हे आपले सकाळी यंत्र घेऊन पुन्हा माळावर. कशाला जात होते? मी डबा भरून द्यायचे म्हणून?

‘ही मला सापडली. मला.’

साहेब. साहेब, ते भिंग घ्या. घ्या म्हणते ना. ती टेबलावरची नीट बघा, माझं काही ऐकू नका, मी काय बोलले ते सगळं खोडा. शिंग आहे? नक्की? कडी मुळातच तुटलेली, आणि खड्डे मातीचे? कुठली पलटण, किती जुनी—जुनी असू दे, देवा. आणि साधी निघाली तर? एखाद्या वाजंत्र्याच्या झग्याची निघाली तर? तर तसंही सांगा. जे असेल ते सांगा. गोड बोलू नका, त्यांना कळतं. मला वाटत होतं कळत नाही.

बूट वाजले. चौकटीशी थांबून श्वास घेतात ते, तेवढाच वेळ आहे. कोट द्या इकडे—अहो, घडी राहू द्या, कोंबा तसाच. पिशवी तुमच्या टेबलाखाली सरकवा, पायाने सरकवा, आणखी आत. मी काही बोललेले नाही. बसची वेळ तर मुळीच विचारू नका.

—या. सोडलं का हो त्याने यंत्र? ठेवून घेतलं? असू दे, जाताना मिळेल. इथे बसा, या खुर्चीत. साहेब, जरा डावीकडून बोला, मोठ्याने. ते म्हणताहेत, शिंग आहे. शिंग! हो, तुमच्या गुंडीवर.

पिशवी? कुठली पिशवी?

ती साहेबांची आहे. तुम्ही ऐका.