‘चिवट’चं ‘दृढ’ कोणी केलं?

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठ भूषवणारे वाणनिवड समितीचे सदस्य, बेकरीवाले, शेतकरी मंडळी, आणि जिला आज आपण इतक्या घाईने निरोप देत आहोत ती आपल्या गिरणीची परीक्षक, आपली ताई,

निवृत्तीला चार वर्षं असताना हा समारंभ होतो आहे. अध्यक्ष म्हणाले, ताई ‘स्वेच्छेने’ जाते आहे. ‘स्वेच्छा’ म्हणजे स्वतःची इच्छा, असा विग्रह मी शिकलो. इथे ‘स्व’ नेमका कोण, ते अध्याहृत ठेवलेलं दिसतं.

गेल्या वर्षी पावाच्या पिठासाठी हिवाळी गव्हाचा वाण ठरवायचा होता. ताईने चारही वाणांची मळलेली कणीक नळाखाली धुतली, पांढरं सत्त्व वाहून जाईपर्यंत. मागे उरलेला रबरासारखा गोळा ताणत म्हणाली, “दोन नंबर घ्या. चिवट आहे, पाव फुगेल.”

एक सदस्य म्हणाले, “ताई, पाव खायचाय की गोफण करायचीय?” सगळे हसले. मीही.

इतिवृत्त मी लिहीत होतो. ‘चिवट’ मला ठरावात शोभेना. मी लिहिलं, ‘दृढ वाण निवडावा’. नंबर लिहायचा राहिला. समितीने दृढ म्हणजे ताठ काडीचा, वाऱ्यात न लोळणारा असा अर्थ काढला आणि चार नंबर पेरायला दिला. पीक शिपायासारखं उभं राहिलं. पाव मात्र बसले. बेकरीवाले ते विटांसारखे टोपल्यांत रचून दारात आले, तेव्हा समितीने ताईकडे बोट दाखवलं: “शिफारस हिचीच.”

बैठकीत आपण सहा जण होतो ना? सहाही जणांचे कान एकाच दिवशी गेले? ताईने मला गाठून एवढंच विचारलं, “भाऊ, मी दृढ म्हटलं होतं का रे?” मी म्हणालो, “बघतो.” भ्याडपणाला यापेक्षा सभ्य क्रियापद मला अजून सापडलेलं नाही. तुमच्यावर मी संतापलोच आहे. पण त्या रांगेत पहिला मी.

सोमवारी पेरणी आहे आणि गोदामात पुन्हा चार नंबरचंच बियाणं येऊन पडलंय. म्हणून बैठकीची कच्ची वही सोबत आणली आहे, ताईच्या शब्दांसकट. दुरुस्तीचा ठराव इथेच मांडतो: वाण दोन नंबर, कारण चिवट, आणि परीक्षक ताईच. अनुमोदनाला मागच्या रांगेतले बेकरीवाले उभे राहिलेत, अध्यक्षमहाराज. तुम्हीही उठलात तर बरं.

बोलू दिलंत, आभारी आहे. बोलण्यात अधिकउणं झालं असेल ते पोटात घाला. इतिवृत्तातलं मात्र घालू नका. ते पाव अजून कोणाला पचलेले नाहीत.