फार्करला चौथा नंबर

बोटीच्या रांगेत माझ्यापुढे आमच्या बेटावरचे दोन म्हातारे उभे होते, मर्डो आणि टॉर्किल. कौन्सिलचा निकाल नुकताच लागला होता. आमच्याकडे मत देताना उमेदवारांच्या नावापुढे पसंतीचे नंबर लिहितात; वरच्या नंबरच्या उमेदवाराला मताची गरज उरली नाही, की ते मत पुढच्या नंबरकडे जातं.

"टॉर्किल, तुझा फार्कर आला की रे निवडून! तिसरी, शेवटची जागा. एका मतानं!"

"माझा कसला? त्याच्या मेंढ्यांनी माझा सगळा कोबी फस्त केला. मी त्याला मुद्दाम शेवटचा नंबर दिला. चौथा."

"उमेदवार तर पाच होते."

"पाचवी ती नवी बाई. ओळख ना पाळख. तिच्यापुढं काहीच लिहिलं नाही."

"अरे देवा! तुझ्या पहिल्या तिघांतले दोघं आधीच निवडून आले, एक पडला. मग तुझं मत सरकलं चौथ्याकडं. आणि शेवटची लढत होती फार्कर आणि त्या बाईची!"

"म्हणजे ते एक मत माझं?"

"तुझंच! त्याच्यापुढंही कोरं सोडायचं होतं, शहाण्या! बघ, तो इकडंच येतोय. तोंड लपव आता."

"तोंड कशाला लपवू? कौन्सिलनं रस्त्याकडेचं कुंपण घालून द्यावं, ते बोलून घेतो. आपल्याच माणसाला काम सांगायला लाज कसली? ए फार्कर, इकडं ये!"