मालिशचा कोर्स

उदगीरच्या बसस्टँडवर नांदेडच्या गाडीची वाट बघत बसलेल्या नागम्माबाईंनी पाठीमागचा आवाज ओळखला. त्यांच्या नातवाला सव्वा महिना मालिश करणारी महामाया लेकीशी बोलत होती.

"बारावीला बहात्तर टक्के पडले, आन् तुला मालिशच शिकायची?"

"कोर्स हाय माय. सर्टिफिकेट देतेत."

"मी बिनसर्टिफिकेटाची वीस वर्षं चोळायले. तेच काम हाय."

"तेच न्हाई. मसाज सेंटरात लोक आपल्याकडं येतेत. आपल्याला कुणाच्या मागच्या दारानं जावं लागत न्हाई."

"मागच्या दाराचं कुणी सांगितलं तुला?"

"बारशाला मी व्हते की तुझ्यासंगं. त्या नागम्माबाईनं पायरीवरच पत्रावळ दिली तुला."

"लुगडं बी दिलं त्यांनी. मोठ्या मनाच्या हायेत."

"सव्वा महिना त्यांचं लेकरू तुझ्या मांडीवर व्हतं. बारशादिवशी तुला आत का न्हाई घेतलं?"

नांदेडची गाडी लागली. महामायानं पिशवी उचलली.

"चाल, शिक तू. पण सर्टिफिकेटावर आडनाव बी छापतेत, येवढं ध्यानात ठेव."

दोघी गाडीत चढल्या. नागम्माबाईंनी पदर तोंडावर ओढला आणि ती गाडी जाऊ दिली.