मिठाच्या नदीची लढाई

विलासच्या डोक्यात कधी काय शिरेल, त्याचा नेम नाही गड्यांनो. गोंदियाच्या सायबर कॅफेत त्याला जर्मनीतल्या दोन जुन्या टोळ्यांची लढाई सापडली, मिठाच्या नदीसाठी झालेली. तीच त्यानं नवेगाव बांध गावातल्या स्वतःच्या घरी टेबलावर मांडली.

नदी खड्या मिठाची. त्याची टोळी हर्मुंदुरी, म्हणजे सीताफळाच्या बिया; माझी टोळी खट्टी, म्हणजे चिंचोके. घोडे मिळेनात, म्हणून पठ्ठ्यानं पोळ्याला पुजलेले मातीचे बैल उचलून आणले. त्याची माय बाजारात गेली होती.

फासे टाकले आणि मी हरलो.

विलास उठूनच उभा राहिला. "आता नियम! हर्मुंदुरींनी देवाला नवस केला होता. हरलेल्यांची माणसं, घोडे, सगळं कापायचं."

त्यानं पहिला बैल आडवा केला तोच दारातून आवाज आला, "काऊन गा, बैल कायले पाडून राहिला?"

"माय, ते घोडे आहेत. इतिहास आहे हा."

"मी निवद दाखवला त्याइले. मारून तं पाह्य!"

विलासनं बैल उभा केला आणि माझे चिंचोके गोळा करू लागला.

"थांब. बैल ठेवले तं चारा कोन टाकीन? एक मानूस ठेव."

त्यानं एक चिंचोका ठेवला.

"एकटाच राहीन काय तो? बायको, लेकरं नाही त्याले?"

"माय, अशानं सगळेच जगतील!"

"मंग जगू दे ना," असं म्हणत मायनं ती नदी ओंजळीत भरली आणि वांग्याच्या भाजीसाठी चुलीकडं नेली.