अण्णाचा चौथा बाप्तिस्मा झाला न्हाई त्याची गोष्ट

तुमी साक्ष रेकॉर्ड करायला मोबाईल मधी ठिवलाय, चालू बी केलाय, आन तुमच्या तोंडावरनं मला कळायलंय की ख्रिस्ती पोरगं म्हणल्यावर हे आता डोळे मिटून सुरू करंल, मी पापी होतो, मी वाया गेलतो, मग एकदम उजेड पडला. न्हाई बाबा. आमच्या वस्तीवर एकदम उजेड पडला तर लोक आधी लाईटवाल्याला शिव्या देत्यात की व्होल्टेज कावून वाढवलं. आन कुणी लंगडा बी उठून चालाया लागला न्हाई. उलट चांगला ताठ चालणारा माझा बाप वाकून चालाया लागला, तिथनं पुढं सगळं झालं. तवा चमत्कार पाहिजे असंल तर चहा घ्या आन दुसरं घर बघा. न्हाईतर बसा, सांगतो, मला लई दिसापासून सांगायचंच हाय कुणाला तरी.

मी दानियल, घरात दान्या. दिंद्रुडच्या अलीकडं आमचं गाव, गावाच्या बी अलीकडं आमची वस्ती. आज्ज्यानं प्रभूला धरलं, तवापासून आमी मंडळीतले. बारावी माजलगावला केली, तिथं शिकलो कमी आन मास्तरांचे आवाज जास्ती गोळा केले. आता धंदा म्हणाल तर भोंग्याचा. तीनचाकी रिक्षावर भोंगा बांधायचा आन तेलगाव, दिंद्रुड, सिरसाळा फिरायचं, साड्यांचा सेल लागलाय, नवा डॉक्टर बसलाय, आठवडी बाजारात कांद्याचं बियाणं आलंय. इलेक्शनला तर दोन्ही पार्ट्या मलाच बोलावत्यात, एकाचा प्रचार जाड आवाजात करतो, दुसऱ्याचा बारीक, लोकांना वाटतंय दोन माणसं हायेत.

एकदा काय केलं, काय सांगू तुमाला, अण्णाचा आवाज काढला. अण्णा म्हणजे माझा बाप. भोंग्यावरनं अण्णाच्या आवाजात सांगितलं, मंडळी, माझ्या दान्याचा वाढदिवस हाय, सगळ्या वस्तीला मटण, पातेली घिऊन या. आन लोक आले की हो. पातेली घिऊन आले. अण्णा दारात उभा, समोर पातेल्यांची लाईन, आन घरात डाळ बी जेमतेम. त्या दिवशी अण्णा गल्लीत उभं राहून वरडला, आजपासून तू माझा पोरगा न्हाईस, मेलास तू मला, हितनं पुढं माझं नाव लावायचं न्हाई. लई जोरात. त्याला भोंगा लागत न्हाई.

आता अण्णाचं सांगतो, ते कळल्याबिगर पुढचं कळायचं न्हाई. अण्णानं सगळी उमर ऊस तोडला. दिवाळीच्या टायमाला टोळी निघती, मुकादम ठरवतो कोण टोळीत आन कोण न्हाई, पाच-सहा महिने कारखान्यावर, पाचटाच्या कोपीत राहायचं, मग परत. आन पुढच्या साली पहिल्यापासून. गेल्या साली तू टोळीत होतास म्हणून औंदा तुझी जागा हाय असं कुणी म्हणत न्हाई. मुकादमाच्या मनात आलं तर ठिवतो, न्हाईतर दुसरा गडी बघतो. अण्णानं उमरभर हेच बघितलं, तर त्यानं देवाचं बी तसंच धरलं. त्याला वाटायचं तारण, प्रभूनं पापातनं सोडवणं, म्हणजे एका हंगामाचं काम. चांगलं वागलास तर जागा, चुकलास की बाहेर, मग परत जाऊन हात जोडायचे, मला घ्या.

म्हणून मग त्याचे बाप्तिस्मे, पाण्यात बुडून प्रभूचं व्हायचं ते, खरं तर उमरभरात एकदाच. पहिला आमच्या पाळकसाहेबांनी विहिरीत दिला, रीतसर, गाणी म्हणून. मग एका साली कारखान्यावर होळीला अण्णा पिला. परत आला तर म्हणतो मी बाहेर पडलो. कुठला तरी फिरता प्रचारक आलता, त्याच्याकडनं कॅनॉलात दुसरा घेतला, कॅनॉलाला पाणी घोट्याएवढं, अण्णाला आडवं झोपवून वरनं तांब्यानं पाणी टाकलं. मग एका साली टोळीत मारामारी केली, कुणाचं डोकं फुटलं. तिसरा घेतला सिरसाळ्याकडं, बैलाच्या हौदात. बैल बाजूला उभे, अण्णा त्यांच्या पाण्यात, बैल असे बघायलेत की ह्यो कोण नवा.

पाळकसाहेबांना कळलं की त्यांनी डोक्याला हात लावायचा. पाळकसाहेब म्हणजे लई सज्जन माणूस, बोलायच्या आधी दोनदा खाकरणार, मग म्हणणार, बरं का प्रियांनो. म्हणायचे, अण्णा, तुमी त्याला धरलंय म्हणून तुमचं तारण न्हाई, त्यानं तुमाला धरलंय म्हणून हाय. तुमचा हात सुटंल, त्याचा सुटत न्हाई. सार्वकालिक म्हणजे सार्वकालिक, बरं का, त्याला संपायची तारीख नसते. अण्णा मान हलवायचा, आन घरी येऊन म्हणायचा, साहेबांनी कदी ऊस तोडला न्हाई.

आता गेल्या हंगामाचं. अण्णा डोक्यावर मोळी घिऊन फळीवरनं ट्रकवर चढत होता, आन मधीच पोटाच्या खाली काहीतरी फाटल्यागत झालं, हर्निया. मोळी पडली, अण्णा पडला, आन पडल्या पडल्या त्यानं देवाला शिवी दिली. साधी न्हाई. मी तुमाला म्हणून दाखवली असती, पण तुमचा मोबाईल चालू हाय. टोळीतल्या सगळ्यांनी ऐकली. अण्णाला दुखलं त्याचं काय न्हाई, शिवीचं धरून बसला. घरी आला, जेवताना प्रार्थना बंद, प्रभुभोजनाला, म्हणजे मंदिरात प्रभूच्या आठवणीची भाकर वाटत्यात तवा, मागं बसायला लागला, भाकर आली की पुढच्याकडं सरकवायची. म्हणायचा, बाकीचं ठीक हाय, पण आता तोंडावर शिवी दिली, मुकादमाला दिली असती तरी ठिवलं नसतं, ह्यानं कावून ठिवावं.

अंबाजोगाईच्या डॉक्टरनं सांगितलं ऑपरेशन करा, आतडं अडकलं तर माणूस हातचा जाईल. तारीख दिली. अण्णा म्हणला, आधी बाप्तिस्मा, मग ऑपरेशन. बेशुद्ध करून झोपवणार, न्हाई उठलो तर? मी असा बाहेरच्या बाहेर मरू का? पाळकसाहेब देईनात. म्हणले, परत दिला तर मी खोटं बोलल्यागत होईल, पहिल्या वक्ताला देव विसरला असं म्हणल्यागत. झालं, ती तारीख गेली. दुसरी मिळाली, सोमवारची. अण्णा पोटाला हात लावून चालायचा, रंग उडालेला, आन ऐकायचा न्हाई. माय चुलीपुढं बसून नुसती माझ्याकडं बघायची.

मग मायच म्हणली, दान्या, तुला एवढे आवाज येत्यात, पाळकसाहेबाच्या आवाजात फोन कर की, सांग त्याला सगळं माफ हाय, जा ऑपरेशनला. मला तर आनंदाच्या उकळ्याच फुटल्या. शेजाऱ्याचा मोबाईल घेतला, घराच्या मागं गेलो, लावला फोन. दोनदा खाकरलो. बरं का अण्णा, म्हणलं, प्रभूनं तुमाला माफ केलंय, तवा सोमवारी निश्चिंत जा. तिकडनं अण्णा एकदम नरम, व्हय साहेब, व्हय साहेब. मी म्हणलं जमलं. तेवढ्यात आमची शेळी वरडली, माझ्या पायाजवळच. अण्णानं कान टवकारले. मग म्हणतो, साहेब, तुमच्याकडं बी शेळी हाय व्हय? म्हणलं हाय की, प्रभूची कृपा. म्हणतो, मला ती दोन्ही कानांनी ऐकू यायली, एका कानानं फोनमधनं आन दुसऱ्या कानानं खिडकीतनं. चप्पल आली खिडकीतनं. नेम चांगला हाय त्याचा, पोट दुखत असताना बी.

त्यानं तर काम आणखी बिघडलं. अण्णा म्हणला, बघा, माफीचा खरा निरोप नव्हता म्हणून खोटा पाठवावा लागला.

रविवार आला. आमचं मंदिर म्हणजे पत्र्याचं शेड, खाली चटया. उपासना झाली, साक्षीचा वक्त आला, म्हणजे ज्याला देवाचं काय सांगायचं त्यानं उठून सांगायचं. अण्णा उठला, एक हात पोटाला, एक हात खांबाला. म्हणला, साहेब, उद्या माझं ऑपरेशन हाय, ह्या सगळ्यांसमोर मागतो, आज मला पाण्यात घ्या, न्हाईतर मी जाणार न्हाई. पाळकसाहेब उभे, डोळे भरलेले, म्हणले, अण्णा, मला देता येत न्हाई. अण्णा म्हणला, मग राहू द्या. आन खाली बसला. माय मागं बायकांत बसलेली, तिनं पदर तोंडात धरलाय, तिचे खांदे हलायलेत.

आन काय सांगू तुमाला, मी काय ठरवलं नव्हतं, मला ठरवता येतच न्हाई, मी उठलो आन माझ्या तोंडातनं अण्णा निघाला. अख्खा अण्णा. कमरेवर हात, मान वाकडी. आजपासून तू माझा पोरगा न्हाईस, मेलास तू मला, हितनं पुढं माझं नाव लावायचं न्हाई. पत्रे हादरले. पोरं हसायला लागली, पातेलं घिऊन आलेली बरीचशी माणसं तिथंच होती, ती तर आडवी पडायची राहिली. अण्णा लाल झाला. पण मी थांबलो न्हाई, त्याच दिवशी संध्याकाळचा अण्णा काढला. हा मला माहीत हाय हे त्याला माहीत नव्हतं. किराणा दुकानाच्या मागं मी उभा होतो, आन अण्णा दुकानदाराला खालच्या आवाजात म्हणत होता, भाऊ, त्या खोकल्याच्या गोळ्या द्या, पोराचा घसा बसलाय, त्याचं पोट घशावर हाय, चांगल्यातल्या द्या. तस्संच म्हणलं, तेवढंच हळू. आन शेडमधलं हसू असं वरनं खाली येऊन बसलं.

मग मी माझ्या आवाजात म्हणलं, अण्णा, सकाळी मी मेलतो, मग मेलेल्याच्या घशाला गोळ्या कावून? तुमी मला काढलं की हो. भर गल्लीत काढलं. किती सालापासून काढत आलाव, एकदा तरी निघालो का मी? मी तुमच्या टोळीतला गडी असतो तर कवाच निघालो असतो. मग मला परत तुमचा पोरगा व्हायला काय करावं लागलं? मायला परत बाळंत व्हावं लागलं का? एकदाच झाली की ती. एकदाच जन्मलो, तेच चालायलंय अजून. आन तुमी तर ऊसतोडे, आखडू, चप्पल मारणारे. तुमाला जे जमतंय ते देवाला जमत न्हाई म्हणता व्हय?

अण्णा खाली बघत म्हणला, मग माणूस मोकाट सुटंल बे. काढत न्हाई हे कळल्यावर कोण नीट वागंल?

म्हणलं, मला तर पहिल्यापासून ठाव होतं तुमी काढणार न्हाई. सुटलो का मी मोकाट?

सगळ्या शेडनं माझ्याकडं बघितलं. म्हणलं, जरासा सुटलो. पण रोज घरीच येतो ना?

आन अण्णा हसला. पोटाला दोन्ही हात लावून हसायला लागला, हसवू नको बे, दुखतंय, हसवू नको. डोळ्यातनं पाणी चाललंय आन हसायलाय. मग पाळकसाहेबाकडं बघून म्हणला, साहेब, शिवी दिली तरी? पाळकसाहेब दोनदा खाकरले, आन पहिल्यांदाच बरं का म्हणाले न्हाईत, नुसतं म्हणले, दिली तरी. मग भाकरीची थाळी फिरली, त्याच्याजवळ आली, तो तिच्याकडं असा बघायलाय की जसं कुणीतरी हातातनं काढून घेईल. आन घेतली. खाल्ली. मला म्हणला, जीप सांगून ठिव उद्याला.

गेला की हो. ट्रॉलीवर झोपून आत जाताना वार्डबॉयला सांगतोय, भाऊ, मी उठलो तर बरं, न्हाई उठलो तरी माझी जागा हाय, तू भिऊ नको. तो पोरगा खरंच भिला. ऑपरेशन बेस झालं. आता वजन उचलायचं न्हाई, टोळी बंद, मायबरोबर शेळ्या वळतो. जेवताना प्रार्थना एवढी लांब करतो की कालवण गार होतंय. कुणी फिरता प्रचारक वस्तीवर आला की अण्णाच त्याला अडवून सांगतो, आमच्या विहिरीला हात लावू नका, एकदा झालं की झालं. मी म्हणतो, अण्णा, हे माझं वाक्य. म्हणतो, गप बे.

पण शिव्या खाल्ल्याबिगर माझी कुठलीच गोष्ट संपत न्हाई. ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टर बाहेर येऊन म्हणला, काळजी न्हाई, आन मी बाकड्यावर पाय पसरून बसलो, मनात म्हणलं आता शाबासकी यायली. माय डबा घिऊन समोर उभी राहिली. म्हणली, मुडद्या, भर मंदिरात पाळकसाहेबाम्होरं माझं बाळंतपण काढलंस? एकदाच झाली, एकदाच झाली, हात वर करून सांगत होतास, जसं काय तूच बाळंत झालतास. एकदाच म्हणायला काय जातंय. अडला होतास तू. बैलगाडीत उताणी घालून न्हेलं मला तेलगावला, एकेका खड्ड्याला जीव गेला माझा, तवा तुझं ते एकदाच झालं. आन तुझा घसा बसलाय हे तुझ्या बापाला कुणी सांगितलं? तो काय तुझ्या नरड्याला कान लावून बसलाता? मी सांगितलं, मी ढकललं त्याला दुकानात. तू सरपंचाचा आवाज काढतो, पाळकसाहेबाचा काढतो, बापाचा काढतो, ह्या सगळ्यात माझा आवाज कुठं हाय रे? मी म्हणलं, माय, तुझा लई अवघड हाय, येत न्हाई मला. म्हणली, अवघड बिवघड काय न्हाई, तू कदी नीट ऐकलाच न्हाईस. आता ही भाकर खा, आन खाईपर्यंत तोंडातनं कुणाचाच आवाज काढू नको.